बापाचा मार आणि छातीतली धडधड

"ताई, वय ४१, सातपूरला कारखान्यात आहे. लहानपणी वडील पट्ट्याने मारायचे. त्यांच्या सायकलचा स्टँड वाजला की मी मोरीत लपायचो. आता साहेबांचा आवाज चढला तरी छाती धडधडते, हात गार पडतात. ईसीजी, टूडी एको नॉर्मल. आई म्हणते, मार खाल्लास म्हणून वळण लागलं. त्या मारानं हृदय बिघडलं असेल का? वडील आता माझ्याकडेच असतात. जाब विचारू का?" – एक वाचक, नाशिक

दादा, रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून धडधड खोटी ठरत नाही. एको हृदयाची रचना आणि ते रक्त कसं ढकलतं ते दाखवतो, ईसीजी तर काही सेकंदांचाच असतो. स्टँड वाजला की त्या पोराचं अंग पळायला तयार व्हायचं: ॲड्रेनालिन वाढतं, नाडी धावते, कातडीकडचं रक्त स्नायूंकडे वळतं, म्हणून हात गार. एरवी वेगस नस हृदयाला ब्रेक लावते. वर्षानुवर्षं धास्तीत वाढलेल्या काही जणांत हा ब्रेक लवकर सुटतो आणि उशिरा लागतो. साहेब ओरडतात तेव्हा तुमच्या बाबतीत हेच होत असावं.

अमेरिकेत १९९८ साली एक मोठा अभ्यास छापून आला. बालपणी जितक्या प्रकारचा छळ आणि घरातले हाल, तितकं मोठेपणी हृदयविकाराचं प्रमाण जास्त दिसलं. पण ही हजारो माणसांची गोळाबेरीज आहे, तुमची पत्रिका नव्हे. शिवाय त्यातला काही भाग सिगारेट, वाढलेलं वजन यांच्या वाटेनं येतो, आणि ते आजही आपल्या हातात आहे. (तंबाखूबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. मळत असाल तर आधी ती सोडा.) बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉईड तपासून घ्या. कारण नसताना धडधड झाली तर डॉक्टरांना होल्टरबद्दल (अंगावर लावून दिवसभर ठोके नोंदवणारं छोटं यंत्र) विचारा. छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडलात, तर मात्र थेट दवाखाना गाठा.

रोज दहा मिनिटं सावकाश श्वास घ्या, मिनिटाला साधारण सहा. सोडताना जास्त वेळ. याने वेगसला बळ मिळतं. पण मुरलेली भीती नुसत्या श्वासानं जात नाही, समुपदेशन लागेल. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आईंचं म्हणणं मला मुळीच पटत नाही. वळण तुम्ही स्वतः लावून घेतलंत, मार खाऊनसुद्धा.

जाब विचारायचा तर विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण आत्ताच नको. म्हातारी माणसं बहुधा "मी कधी मारलं?" म्हणतात, आणि ते ऐकायची तयारी आधी हवी. समुपदेशकाकडे चार-सहा वेळा जाऊन या, मग ठरवा. त्यांनी माफी मागितली नाही, तरी तुमचा उपचार अडत नाही.