पंप आहे ना, मग भिंत कशाला भाजायची?

प्रश्न: टोकामॅकमध्ये, म्हणजे अणू जोडून ऊर्जा काढायच्या त्या चुंबकी भट्टीत, प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) दहा-पंधरा कोटी अंशांपर्यंत तापवतात म्हणे. मग आत जराशी हवा नाहीतर पाणी राहिलं तर बिघडलं कुठे, जळून जाईल की! आणि पंप असताना भिंती भाजत का बसतात?

उत्तर: जळून जाईल कुठे? अणू आतच राहतो, तीच तर पंचाईत आहे. हवा-पाण्यातला ऑक्सिजन किंवा भिंतीच्या धातूतलं टंगस्टन प्लाझ्मात शिरलं की प्लाझ्माची उष्णता प्रकाश अन् एक्स-रे बनवून बाहेर फेकत सुटतं, म्हणजे तुम्ही तापवताय आणि ते गार करतंय. आणि हा प्लाझ्मा हवेपेक्षा लाखो पट विरळ, त्यामुळे कचरा अगदी चिमूटभर असला तरी भारी पडतो.

आता पंपाचं. मोकळी हवा तो काढतोच, पण धातूला चिकटून बसलेलं पाणी त्याला ओढून काढता येत नाही, पंप काही हात घालून ओढत नाही हो, जो रेणू भटकत त्याच्या तोंडाशी येईल तेवढाच त्याचा. म्हणून भाजायचं. फ्रान्समध्ये बांधल्या जाणाऱ्या इटर या मोठ्या टोकामॅकमध्ये भिंत २४० अंश आणि खालचा डायव्हर्टर (प्लाझ्मातली राख-कचरा बाहेर काढणारा तळाचा भाग) ३५० अंशांपर्यंत तापवायची सोय आहे, मग पाणी सुटतं आणि पंपाला मिळतं.

एवढ्यानेही भागत नाही. मग ग्लो डिस्चार्ज, म्हणजे आत थोडासा हायड्रोजन किंवा हेलियम सोडून काहीशे व्होल्ट लावायचे, आयन भिंतीवर आदळून उरलेली घाण उडवतात. पण हे जोरदार चुंबकीय क्षेत्रात नीट चालत नाही आणि सुपरकंडक्टिंग मॅग्नेट काही दिव्यासारखे चालू-बंद करता येत नाहीत, म्हणून तिथे रेडिओ लहरींनी सफाई करायचे प्रकार निघाले.

माझ्या मते खरी कमाल बोरोनायझेशनची. डायबोरेन नावाचा विषारी, पेट घेणारा गॅस ग्लोमध्ये सोडतात, भिंतीवर बोरॉनचा अगदी पातळ थर बसतो आणि तो ऑक्सिजन धरून ठेवतो. जर्मनीतल्या वेंडेलस्टाइन ७-एक्समध्ये (तो टोकामॅक नाही, स्टेलरेटर आहे, म्हणजे वेगळ्या आकाराची चुंबकी भट्टी, पण भिंतीची भानगड तीच) २०१८मध्ये हे केल्यावर ऑक्सिजन बराच घटला आणि आधीपेक्षा जास्त घनतेचा प्लाझ्मा टिकवता आला. फक्त थर झिजतो, परत परत द्यावा लागतो, आणि झिजलेला बोरॉन जिथे साचतो तिथे ट्रिटियम (इंधन म्हणून वापरायचा किरणोत्सारी हायड्रोजन) अडकून बसतं, ते सोडवायचं काम वेगळंच.