वाचकांचे प्रश्न : मत दिलं, आता मधल्या पाच वर्षांचं काय?

प्रश्न : ताई, मी राजारामपुरीत राहते, कॉलेजला आहे. 2024 ला लोकसभेला पहिल्यांदा मतदान केलं, शाई दाखवत स्टेटसपण ठेवलं. पण पुढं काय? आमच्या गल्लीतला रस्ता केला की पहिल्या पावसात उखडतो, सगळे चहाच्या गाड्यावर शिव्या घालतात आणि घरी जातात. मला मोर्चा, घोषणा असलं काही जमत नाही, घरचे सोडणारही नाहीत. माझ्यासारखीनं काय करायचं?

उत्तर : आधी मत दिलंस त्याबद्दल मनापासून कौतुक. त्या निवडणुकीत राज्यात ज्या मतदारसंघांत सगळ्यात जास्त मतदान झालं त्यांत आपलं कोल्हापूर होतं, 70 टक्क्यांच्या वर. म्हणजे मत द्यायला आपण मागं नाही, आणि रस्त्यावर उतरायला तर कोल्हापूरकर कधीच मागं नव्हता. आपण कमी पडतो ते मधल्या काळात, जेव्हा कागद मागायचा असतो, वाचायचा असतो आणि त्याआधी तो कुणाच्या टेबलावर आहे हे माहीत असायला लागतं. हे काम तुझ्यासारख्या अभ्यास करणाऱ्या पोरीला छान जमेल, खरंच सांगते.

तुझा रस्ताच घे. पहिलं बघायचं, रस्ता कुणाचा. गल्लीतला असेल तर महापालिकेचा, मोठा असेल तर कदाचित सार्वजनिक बांधकाम खात्याचा, हायवे असेल तर आणखी तिसऱ्याच ऑफिसचा, आणि आपण काय करतो तर गटारासाठी आमदाराला फोन करतो आणि वीजबिलासाठी नगरसेवकाला, मग एकानं दुसऱ्याकडं बोट दाखवलं की आपण दमतो आणि विषय संपतो. रस्ता कुणाचा ते कळलं की मग त्या कामाची फाईल. त्यात एस्टिमेट असतं, वर्क ऑर्डर असते, मोजमाप पुस्तक असतं ज्याला ऑफिसात सगळे एमबी म्हणतात, किती लांबीचं किती जाडीचं काम मोजून बिल काढलं ते त्यात लिहिलेलं असतं. आणि बहुतेक करारात दोष दायित्व कालावधी असतो, म्हणजे तेवढ्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करून द्यायचा. ही एक ओळ गल्लीत चार जणांना माहीत असली तरी बोलणं बदलतं. "रस्ता खराब आहे हो" असं म्हणण्याऐवजी तुम्ही "या कामाची मुदत अजून संपलेली नाही, ठेकेदाराला नोटीस दिली का" असं लेखी विचारता, आणि लेखी विचारलेल्याला पोच घेता येते. फाईल नुसती बघायची असेल तर 2018 ला राज्य सरकारनं परिपत्रक काढलंय, दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत जिल्हा पातळीवरच्या ऑफिसात आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये नागरिकांना फायली बघू द्यायच्या. ते परिपत्रक सोबत घेऊन जा, कारण तिथं बसलेल्यांनाच कधीकधी ते आठवत नाही.

टोलचा विषय काढते, तू तेव्हा लहान असशील. शहरातल्या रस्त्यांवर टोल बसवला तेव्हा निघालेले मोर्चे सगळ्यांना आठवतात, एन. डी. पाटील सर आणि गोविंद पानसरे पुढं होते, आणि अख्खं शहर त्यांच्या मागं. पण मला त्या आंदोलनातलं जास्त मोलाचं वाटतं ते हे की लोकांनी करार वाचला, ठरलेलं कुठलं काम झालं आणि कुठलं नाही हे विचारलं, रस्त्यांचं मूल्यांकन मागितलं. नुसती गर्दी असती तर ती पांगायची वाट बघता आली असती. शेवटी टोल रद्द झाला.

आणखी एक, आपली महापालिका 2015 ला निवडून आली, 2020 ला मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षं प्रशासक होता, नगरसेवक नाही, सभागृह नाही. एवढ्या काळात शहराचं अंदाजपत्रक दरवर्षी झालंच की, आपल्यापैकी किती जणांनी ते उघडून बघितलं? मला याचं फार वाईट वाटतं. ते वाचायला सीए असायला लागत नाही, आपल्या प्रभागाचं नाव शोधायचं आणि समोरचा आकडा बघायचा, तिथनं सुरुवात कर.

प्रश्न : नमस्कार. मी शिरोळ तालुक्यातला शेतकरी, वय 58. आमच्या गावात ग्रामसभा होतच नाही म्हटलं तरी चालेल, शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी येतो, लोक सह्या करतात, झाली सभा. बोललं की म्हणतात "काका, तुमाला काय पायजे ते सांगा की, करून देतो". काय करावं?

उत्तर : काका, सगळ्यात आधी घरी आलेल्या रजिस्टरवर सही करायची नाही. सही केली की तुम्ही हजर होता आणि तिथले सगळे ठराव तुमच्या समोर झाले असा त्याचा अर्थ होतो.

आता कायद्याचं. महाराष्ट्रात वर्षाला किमान 4 ग्रामसभा घ्याव्याच लागतात, साधारण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरच्या आसपास होतात. कोरमला, म्हणजे सभेला लागणाऱ्या कमीत कमी हजेरीला, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातला कमी असेल तो आकडा. कोरम नाही झाला तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, बरीच गावं हीच पळवाट वापरतात, म्हणून तहकूब सभेची तारीख वहीत लिहून ठेवा आणि त्या दिवशी जावाच. सरपंचानं योग्य कारण नसताना ठरलेल्या सभा घेतल्या नाहीत तर त्याचं पद जाऊ शकतं, कायद्यातच आहे हे. आणि ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यायची असते, ती तुमच्या गावात कधी झाली का हे घरात काकूंना विचारा, बहुतेक नाहीच झालेली असणार.

सभेत काय विचारायचं, तर पैशाचं. वित्त आयोगाचे पैसे थेट ग्रामपंचायतीला येतात, पंधराव्या आयोगात त्यातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले होते. कुठल्या कामावर किती पैसे काढले ते ई-ग्रामस्वराजच्या वेबसाईटवर दिसतं, घरातल्या पोराला मोबाईलवर राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडायला सांगा. मग सभेत उठून एकच काम विचारा. "अमुक गटारीला एवढे पैसे गेलेले दिसतात, गटार कुठं आहे?" आवाज चढवायची गरजच पडत नाही. आणि प्रश्न प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, लिहून घेतला का ते बघितल्याशिवाय खाली बसू नका.

आपल्या शिरोळला 2019 आणि 2021 चा महापूर बघितलाय. अशा वेळी कुणाच्या घराचा पंचनामा झाला, कुणाचं नाव यादीत बसलं, कुणाचं राहिलं यावरनं गावात जी भांडणं होतात ती निम्मी तरी यादी सगळ्यांसमोर वाचून दाखवली तर मिटतील असं माझं मत आहे. आणि ते "तुमाला काय पायजे ते सांगा" म्हणतात ना, त्याला भुलू नका. तुमचं एकट्याचं काम झालं की तुम्ही गप्प बसता हे त्यांना चांगलं माहीत असतं.

प्रश्न : आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर रोज राजकारणाचे फॉरवर्ड येतात, खोटं आहे म्हटलं की दीर रागावतात. गप्प बसू का?

उत्तर : गप्प बसू नका. जून 2023 मध्ये मोबाईलवरच्या स्टेटसवरनं आपल्या शहरात बंद, दगडफेक, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करायची वेळ आली, ज्यांची दुकानं फुटली त्यांचा त्या स्टेटसशी काहीच संबंध नव्हता. पण ग्रुपवर दीरांना सगळ्यांसमोर खोटं पाडलंत तर ते हट्टाला पेटणार. वेगळा मेसेज करा, "भाऊजी, ही तारीख कधीची आहे, फोटो कुठला आहे?" एवढंच. फोटो गुगल लेन्सवर टाकला की जुना असेल तर बऱ्याचदा तिथंच कळतं. सरकारनं असा असा निर्णय घेतला असं कुणी म्हणत असेल तर जीआर, म्हणजे छापील शासन निर्णय, मागा, प्रत्येक जीआरवर संकेतांक असतो आणि तो शासनाच्या वेबसाईटवर शोधता येतो, नसला की विषय संपला.

प्रश्न : कागलहून लिहितोय. माहिती अधिकार टाकायचाय पण बायको नको म्हणते, लोक ब्लॅकमेलर म्हणतील आणि जिवाला धोका वेगळाच.

उत्तर : वहिनींची भीती खोटी नाही. 2010 ला तळेगावात सतीश शेट्टींचा खून झाला, ते जमिनींचे व्यवहार माहिती अधिकारातून बाहेर काढत होते. त्यामुळं जमीन, वाळू असले विषय असतील तर एकट्यानं हात घालू नका, तालमीतली, भजनी मंडळातली चार माणसं सोबत घ्या आणि मिळालेली माहिती कपाटात न ठेवता लगेच सगळ्यांना दाखवा. ब्लॅकमेलर म्हणायलाही मग जागा राहत नाही, कारण माहिती तुमच्या एकट्याकडं नसतेच.

अर्ज 150 शब्दांत, एकच विषय, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. माहिती कशाला पाहिजे हे सांगायचं बंधन नाही. "असं का केलं" विचारू नका, कागदाची प्रत मागा, अमुक कामाच्या वर्क ऑर्डरची प्रत, एमबीची प्रत. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर त्यापुढच्या 30 दिवसांत त्याच ऑफिसात पहिलं अपील, तिथंही नाही झालं तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं. तिथं फार उशीर लागतो हे खरंय, आणि हा उशीर म्हणजे अन्यायच आहे, पण पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः गेलात तर पुष्कळ वेळा कागद तिथंच हातात पडतात.

प्रश्न : कसबा बावड्यातनं फुलेवाडीला राहायला आलोय, मतदार यादीत नाव जुन्याच पत्त्यावर आहे. झेडपी-महापालिकेची यादी वेगळी असते का?

उत्तर : वेगळी नसते, विधानसभेचीच यादी प्रभागाप्रमाणं फोडतात. पत्ता बदलायचा फॉर्म 8 भरा, ऑनलाईन होतो, नाहीतर बीएलओकडं, म्हणजे तुमच्या भागाची मतदार यादी बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडं, द्या. निवडणूक लागल्यावर धावपळ करू नका, तोवर यादीची तारीख गेलेली असते. आणि प्रारूप म्हणजे कच्ची यादी लागली की हरकतीचे थोडेच दिवस असतात, तेव्हा स्वतःचं नाव बघताना शेजारच्या आजींचं पण बघून या.