पोहता येत नाही, तरी स्पर्धेत पंच होता येईल का?

प्रश्न : बाई, नमस्कार. माझी मुलगी पाचवीत आहे. पोहायला लागल्यापासून शाळेच्या, क्लबच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि मी दिवसभर डबा-टॉवेल सांभाळत गॅलरीत बसते. मागच्या खेपेला माइकवरून विचारलं, "टायमर कमी पडतायत, पालकांपैकी कुणी येता का?" उठावंसं फार वाटलं; पण मला पोहता येत नाही, कमरेच्या वर पाणी आलं की भीती वाटते. नोकरी बँकेत, त्यामुळं सुट्टीचीही अडचण. शिवाय माझ्या हातून चूक झाली तर कुणाच्या तरी लेकराचं नुकसान व्हायचं. मी या वाटेला जावं का?
— एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : जरूर जा. पुढच्या वेळी माइकवरून विचारायची वाटही बघू नका, सकाळीच जाऊन नाव सांगा. टायमर म्हणजे काठावर घड्याळ धरून पोहणाऱ्याची वेळ घेणारा माणूस. त्याला पाण्यात उतरावं लागत नाही. त्याला लागते नजर आणि उभं राहायची तयारी. कॅश मोजताना शेजारी कुणी कितीही बोललं तरी तुमचा आकडा हलत नाही ना, तेवढं चित्त इथं पुरे.

घड्याळ कसं धरायचं ते नीट सांगते, कारण पुष्कळ जण इथंच ढिलाई करतात. सुरुवातीला पोरांकडं बघायचं नाही, स्टार्टरकडं, म्हणजे भोंगा वाजवून शर्यत सोडणाऱ्याकडं बघायचं. भोंग्याबरोबर दिवा लागत असेल तर दिव्यावर कळ दाबायची. आपली लेन स्टार्टरपासून वीस मीटर लांब असली तर आवाज पोचेपर्यंत सेकंदाचे पाच-सहा शतांश जातात, आणि निकाल शतांशावर लागतो. कळ दाबल्यावर घड्याळ चाललंय ना, हे लगेच बघा. बंद पडलं असेल तर ताबडतोब हात वर करा. मुख्य टायमरकडं जादा घड्याळ चालू असतं, ते तुम्हाला मिळेल.

पोर भिंतीजवळ आलं की अगदी काठाशी जाऊन, वाकून, सरळ खाली भिंतीकडं बघायचं. बोट टेकलं की कळ. "आता टेकेलच" म्हणून आधी दाबायची नाही आणि शेजारच्या लेनमध्ये कोण पुढं आहे तिकडं मान वळवायची नाही.

तुमच्या चुकीच्या भीतीवर नियमातच उतारा आहे. हातातल्या घड्याळांवर निकाल असेल तेव्हा एका लेनला तीन टायमर धरलेले असतात. दोन घड्याळं जुळली तर ती वेळ. तिन्ही वेगळी आली तर मधली. म्हणजे 41.32, 41.38 आणि 41.45 असं आलं तर कागदावर 41.38 जातं. म्हणूनच शेजारच्याचं घड्याळ बघून आपला आकडा जुळवून घ्यायचा नाही. आला तो सांगायचा. तुमचं घड्याळ थोडं मागंपुढं झालं तरी बाकीची दोन सांभाळून घेतात, पण तिघांनी आपसात ठरवून लिहिलं तर मग तीन माणसं उभी करण्यात अर्थच राहिला नाही. आणि सांगितल्याशिवाय घड्याळ शून्यावर आणू नका.

आता माझ्या जिव्हाळ्याचं. पहिला-दुसरा आला की टाळ्या होतात, माइकवर नावं सुरू होतात, आणि त्याच वेळी कडेच्या लेनमधून एखादी पोरगी अजून हातपाय मारत येत असते. तिचे टायमर गप्पांत असलेले मी पाहिलेत, आणि मला ते सहन होत नाही. ती घरी पदक नेणार नाही, वेळ नेणार आहे. मागच्या स्पर्धेत 1 मिनिट 12 लागलं होतं, आज 1 मिनिट 9, हीच तिची कमाई. ती चोख मोजून द्या. ती भिंतीला टेकेपर्यंत तुमची मान हलता कामा नये.

आपल्या मुलीची हीट, म्हणजे तिच्या गटाची शर्यत असेल आणि तीच तुमच्या लेनमध्ये आली, तर मुख्य टायमरला सांगून लेन बदलून घ्या. यात संकोच नको. दुसऱ्या पालकांनी शंका घ्यायच्या आधी आपणच बाजूला झालेलं बरं. पंच म्हणून उभ्या असताना काठावरून तिला ओरडून प्रोत्साहनही द्यायचं नाही. हे आईला जड जातं, मला माहीत आहे.

घड्याळ हातात बसलं की टर्न, म्हणजे भिंतीला टेकून वळणं, बघायला उभ्या राहा, मग स्ट्रोक, म्हणजे पोहण्याची पद्धत. तिथं नियमाचं पुस्तक वाचावं लागतं. सूत्र एकच : दिसलं ते लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही. बटरफ्लायच्या शेवटी पाणी इतकं उडतं, की दोन्ही हात एकदम लागले का ते कधी कधी दिसतच नाही. दिसलं नाही तर हात वर करायचा नाही, संशयाचा फायदा पोराला. दिसलं तर हात वर, चिठ्ठीवर लेन, हीट आणि कारण, खाली सही. बाद करायचं की नाही, ते रेफरी ठरवतात.

सुट्टीचं म्हणाल तर शालेय स्पर्धा, 14, 17 आणि 19 वर्षांखालील, कामाच्या दिवशीही असतात. त्या सध्या सोडा. क्लबच्या स्पर्धा रविवारी असतील तेव्हा सुरुवात करा. कुमठा नाक्यावरच्या जिल्हा क्रीडा संकुलात चौकशी करा, आणि मुलीच्या कोचमार्फत जिल्हा जलतरण संघटनेकडं नाव द्या. पंचांचा वर्ग निघाला की कळवा म्हणून सांगून ठेवा. एप्रिल-मे असेल तर टोपी, पाणी आणि गूळ-शेंगदाणे जवळ ठेवा. आपल्याकडं सकाळी दहालाच काठाची फरशी तापते, अनवाणी उभं राहू नका.

प्रश्न : माझा मुलगा 50 मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पहिला आला, पण त्याला बाद केलं. मी विचारायला गेलो तर पंच म्हणाले, "पालकांनी आत यायचं नाही." आता तो पुन्हा स्पर्धेला जायचं नाही म्हणतो.
— एक वडील, अक्कलकोट रोड

उत्तर : पालकांना आत घेत नाहीत ते योग्यच आहे, पण पोराला कारण न कळणं योग्य नाही. बाद केल्याचं कारण चिठ्ठीवर लिहिलेलं असतं आणि कोचनं रेफरींना विचारलं तर ते सांगितलं जातं. निर्णय मान्य नसेल तर संघाच्या व्यवस्थापकानं शर्यत संपल्यापासून 30 मिनिटांच्या आत लेखी हरकत द्यायची असते. तुमची ती वेळ गेली, पण कोचना कारण आजही विचारता येईल.

या प्रकारात मुलं बहुतेक तीन कारणांनी बाद होतात : टर्नला किंवा शेवटी एकच हात आधी टेकला, सूर मारल्यावर पाण्याखाली बटरफ्लायची एकाऐवजी दुसरीही किक गेली, किंवा एक पाय कात्रीसारखा फिरला. कारण कळलं की मुलाला समोर बसवून सांगा की तू जोरात पोहलास, फक्त एवढं एक दुरुस्त करायचं आहे. एकाच हाताचं निघालं तर सरावात प्रत्येक टर्नला, अगदी वॉर्मअपलासुद्धा, दोन्ही हात लावायला लावा. दमलेलं पोर सवयीनंच हात टेकवतं.