एफसीसीपीची मात्रा उसनी घेऊ नकोस

परळच्या लॅबमध्ये सीहॉर्सवर, म्हणजे पेशींचा ऑक्सिजनचा खप मोजणाऱ्या यंत्रावर, पहिली प्लेट लावतोयस, तर एफसीसीपीची मात्रा सीनियरच्या वहीतून उचलू नकोस. हे रसायन मायटोकॉन्ड्रियाला (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांना) पूर्ण वेगाने ऑक्सिजन वापरायला लावतं. प्रत्येक पेशीप्रकाराला त्याची मात्रा वेगळी लागते. ०.५, १, १.५, २ मायक्रोमोलर अशी चढती मालिका लाव आणि ऑक्सिजनचा खप सर्वांत जास्त दिसेल ती मात्रा धर. त्यापुढे गेलास की खप वाढायच्या ऐवजी पडतो आणि मायटोकॉन्ड्रियाची राखीव क्षमताच कमी आहे असं वाटतं. रुग्णाच्या फायब्रोब्लास्टवर (संयोजी ऊतीच्या पेशींवर) असं झालं तर पंचाईतच! मायटोकॉन्ड्रियाचं काम रोखणारी बाकीची रसायनं, म्हणजे ऑलिगोमायसिन १.५, रोटेनोन आणि अँटिमायसिन प्रत्येकी ०.५ मायक्रोमोलर सहसा चालतात.

कार्ट्रिज, म्हणजे प्लेटवर बसणारा सेन्सरचा भाग, आदल्या रात्री ३७ अंशांवर, कार्बन डायऑक्साइड नसलेल्या इन्क्युबेटरमध्ये भिजत ठेव. प्रयोगाच्या मीडियात (पेशी ज्यात राहतात त्या द्रवात) बायकार्बोनेट नको, पीएच ७.४. पेशी टाकल्यावर प्लेट तासभर इन्क्युबेटरबाहेरच स्थिर राहू दे, नाहीतर पेशी वेलच्या (प्लेटमधल्या खळग्याच्या) कडेला जमतात. ९६ वेलच्या प्लेटमध्ये चार कोपऱ्यांत फक्त मीडिया. यंत्र तापवतं, गार करत नाही. तेव्हा मे महिन्यात खोलीचा एसी बंद करणाऱ्यावर लक्ष ठेव. शेवटी प्रथिनं किंवा डीएनए मोजून त्याने आकडे भाग. ते न करता काढलेला आलेख मी तरी बघत नाही.