नऊ वर्षांच्या मुलाचा दात: नॅनोची वाट पाहावी का?

ताई, मुलगा पडला, वरचा पुढचा दात तुटला, नस मेली आणि आता नॅनो (अतिसूक्ष्म कणांच्या) तंत्राने नस परत उगवते असं कुणीतरी सांगितल्यामुळे ते इंदूरला येईपर्यंत थांबावं का, असं तुम्ही विचारलंय. थांबू नका, याच आठवड्यात दाखवा. मी लहान मुलांचेच दात बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दात हिरडीबाहेर आल्यावर त्याचं मूळ पूर्ण व्हायला साधारण ३ वर्षं लागतात. त्याआधी नस मेली की मुळाच्या भिंती पातळ राहतात आणि टोक उघडं. मोठ्यांची आरसीटी (रूट कॅनाल, म्हणजे मेलेली नस काढून पोकळी मसाल्याने भरणं) इथे नीट होत नाही, कारण मसाला अडवायला खाली काही नसतं.

पण त्याच उघड्या टोकाशी मूलपेशी, म्हणजे नवीन ऊती बनवू शकणाऱ्या पेशी, जिवंत असतात. डॉक्टर पोकळी धुऊन काही आठवडे औषध भरून ठेवतात. जंतू गेले की बारीक फाइल (सुईसारखं अवजार) टोकापलीकडे नेऊन मुद्दाम रक्त आणतात. त्या गुठळीच्या आधाराने पेशी आत येतात, आणि वरून एमटीए किंवा बायोडेंटिन या दाताच्या सिमेंटने दात बंद करतात. यालाच रीव्हॅस्क्युलरायझेशन म्हणतात. २००४ मध्ये बँक्स आणि ट्रोप यांनी ११ वर्षांच्या मुलाची केस छापली, त्यात दोन वर्षांत मूळ वाढलेलं दिसलं. मात्र आत जे तयार होतं ते बरेचदा हाडासारखं असतं, खरी नस नव्हे. हे आधीच माहीत असलेलं बरं.

नॅनोचं खरं काम इथेच चालू आहे. जंतू मारणारी तीन अँटिबायोटिकची पेस्ट दाट झाली तर मूलपेशीही मारते, शिवाय तिच्यातल्या मिनोसायक्लिनने दात काळवंडतो. म्हणून औषध थोडं थोडं सोडणारे नॅनो-तंतू संशोधक बनवताहेत. हे तंतू कोलॅजनच्या धाग्यांइतके बारीक असल्याने पेशींना त्यांच्यावर वाढायला आधारही मिळतो. मला यातून फार आशा वाटते, पण रोजच्या दवाखान्यात ते अजून आलेलं नाही. नॅनो-हायड्रॉक्सिॲपटाइटची (दातातल्या खनिजाच्या अतिसूक्ष्म कणांची) टूथपेस्ट वेगळी: ती इनॅमलवरच्या सुरुवातीच्या पांढऱ्या डागांपुरती, नसेपर्यंत तिचं काही चालत नाही.

इंदूरच्या एमवाय रुग्णालयाजवळच्या सरकारी डेंटल कॉलेजात लहान मुलांच्या विभागात सकाळीच जा, जुना एक्स-रे न्या. ‘टोक उघडं आहे का, रीव्हॅस्क्युलरायझेशन होईल का’ एवढं विचारा. नंतर ६ आणि १२ महिन्यांनी एक्स-रे काढायचा, दुखत नसलं तरी.