‘एकटी असते तेव्हा छान वाजतं, रेकॉर्डिंग सुरू केलं की हात थरथरतात’

मोठेपणी पियानो शिकणारी माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी आली की बोलता बोलता एक काळजी हमखास निघते. ‘मी मनापासून वाजवते, पण कुणाला ऐकवायची वेळ आली की सगळं बिघडतं. मग ऐकवायचंच कशाला?’ असे अनुभव बरेच आहेत. त्यातला एक त्या बाईंच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

चाळिशी ओलांडलेल्या या बाई दिवसभर आकडेमोडीच्या कामात असतात. त्या माझ्याकडे आल्या झोप लागत नाही म्हणून. पियानोचा विषय नंतर, ओघात निघाला. लहानपणी राहून गेलेलं शिक्षण त्यांनी काही वर्षांपूर्वी सुरू केलं होतं. शिक्षिकेकडे येणारे मोठ्या वयाचे विद्यार्थी दर महिन्याला एकमेकांना रेकॉर्डिंग पाठवत. यांनी आजवर एकही पाठवलं नव्हतं.

“मग फोनमध्ये तर बरीच साठली असतील?” मी विचारलं.

“एकही नाही. वाजवून झालं की लगेच पुसून टाकते.”

“ऐकून?”

“न ऐकता.”

‘मला आत्मविश्वास नाही’ असं सगळेच म्हणतात, त्यातून फारसं काही हाती लागत नाही. पण न ऐकता पुसून टाकणं ही ठोस कृती होती आणि भीती नेमकी तिच्यावर पोसली जात होती. पुसलं की लगेच हायसं वाटतं. त्या हायसं वाटण्यातून मन एवढंच शिकतं, की आपण मोठ्या संकटातून वाचलो. संकट खरंच होतं का, हे तपासायची संधी मात्र येतच नाही.

तेव्हा त्या जर्मन संगीतकार शूमनची ‘ट्रॉयमराय’ ही रचना वाजवत होत्या. शूमनने 1838 मध्ये लिहिलेल्या 13 छोट्या रचनांच्या मालिकेतली ही सातवी. जेमतेम तीनेक मिनिटांची, संथ, कागदावर सोपी दिसणारी. सोपी मात्र नाही, कारण त्या संथपणात लपायला जागाच नसते. घरी एकट्याने वाजवताना ती नीट व्हायची. रेकॉर्डिंग सुरू असलं की दुसऱ्या ओळीत, सूर वर झेप घेतो त्या जागी, बोटं अडखळायची. मग त्या पहिल्यापासून सुरू करायच्या, पुन्हा तिथेच अडखळायच्या आणि शेवटी झाकण बंद.

इथे दोन गोष्टी एकात एक अडकल्या होत्या. एक शरीराची: कुणी ऐकतंय म्हटल्यावर छाती धडधडते, बोटं गार पडतात. अनेक नामवंत वादकांनाही हे आयुष्यभर होतं. दुसरी स्मरणाची. पाठ झालेली रचना बऱ्याचदा फक्त हातांना पाठ असते. एका पट्टीवरून बोट पुढच्या पट्टीवर आपोआप जातं, तोवर ठीक. मधेच ‘आता काय?’ हा विचार डोकावला की साखळी तुटते आणि मग सुरुवातीशिवाय पकडायला दुसरी जागा उरत नाही. हे दुसरं काम माझं नव्हे, शिक्षिकेचं. ते त्यांनी फार छान केलं. स्वरलिपीवर पेन्सिलीने चार-पाच जागा ठरवून दिल्या आणि सराव कुठल्याही खुणेपासून सुरू करायला लावला. अडखळलं तर पुढची खूण गाठायची, मागे जायचं नाही. अशा वेळी ‘धीर धरा’ म्हणण्यापेक्षा हे फार उपयोगी पडतं.

पुढच्या भेटीत खरं दुखणं बाहेर आलं. “जगातले एवढे मोठे लोक हेच वाजवतात. ते ऐकल्यावर माझं कोण ऐकणार?”

मी त्यांना जगप्रसिद्ध पियानोवादक व्लादिमीर होरोविट्झची हकीकत सांगितली. 1953 मध्ये त्याने जाहीर कार्यक्रम थांबवले आणि तो 12 वर्षं मंचापासून दूर राहिला. 9 मे 1965 रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये परतला, तेव्हा अगदी सुरुवातीलाच त्याच्या हातून चुकीचे सूर लागले. पण त्या मैफलीची जी ध्वनिमुद्रिका लोकांनी वर्षानुवर्षं ऐकली, तिच्यात चुका दुरुस्त केलेल्या होत्या. जसं वाजलं तसं रूप बाजारात आलं ते 2003 मध्ये. ग्लेन गूल्ड या दुसऱ्या नामवंत पियानोवादकाने तर 1964 नंतर मंच कायमचा सोडला आणि स्टुडिओत वेगवेगळे तुकडे जोडून हवं ते वादन घडवणं हीसुद्धा कलाच आहे, असं उघडपणे मांडलं.

थोरांच्याही चुका होतात म्हणून आपलं वादन थोरांच्या तोडीचं, असा याचा अर्थ मी काढत नाही आणि बाईंनाही काढू दिला नाही. मुद्दा तुलनेचा होता. बैठकीच्या खोलीत, कामावरून थकून आल्यावर, एका दमात वाजवलेलं त्या ताडून पाहत होत्या ते निवडलेल्या, जोडलेल्या, घासूनपुसून घेतलेल्या वादनाशी. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मी ज्याच्याशी बरोबरी करत होते, ते तसं सलग कधी वाजलेलंच नसेल.”

त्यानंतर आम्ही पायऱ्या ठरवल्या. आधी फक्त पुसायचं नाही. मग दुसऱ्या दिवशी ऐकायचं आणि चुका सोडून काय ऐकू आलं ते लिहायचं. हे त्यांना सगळ्यात जड गेलं; पहिल्यांदा वही कोरीच आली. मग एकच श्रोता: धाकटी बहीण. अट एवढीच, की वाजवण्याआधी ‘मी उशिरा शिकले गं, फार अपेक्षा ठेवू नकोस’ असं म्हणायचं नाही. ही आगाऊ माफी निरुपद्रवी वाटते, पण तिच्यामुळे ऐकणारा चुका शोधायला लागतो आणि कौतुक झालंच तर ते दयेपोटी केल्यासारखं वाटतं.

बहीण काय म्हणेल ते त्यांनी आधी लिहून ठेवलं होतं: ‘चूक तिच्या लक्षात येईल, ती बोलणार नाही आणि मला चेहऱ्यावरून कळेल.’ प्रत्यक्षात बहीण सरळ म्हणाली, “ताई, मधे एकदा अडखळलीस ना? आणि शेवटाकडे वर जाऊन थांबतेस, तिथे काय आहे?” शेवटच्या चढात वरच्या ‘ए’ या सुरावर फर्माटा आहे, म्हणजे वादकाने आपल्या मनाने सूर लांबवायची जागा. बाईंनी ती स्वरलिपीत दाखवली, दोघींनी ती पुन्हा पुन्हा वाजवून पाहिली. जिची धास्ती होती ती गोष्ट घडली होती, आणि गप्पा तिच्यापाशी थांबल्या नव्हत्या.

गटात पहिलं रेकॉर्डिंग गेलं तेव्हा एकाने लिहिलं, पेडल जास्त वेळ दाबलेलं राहतंय, सूर एकमेकांत मिसळतात. त्या रात्री झोप पुन्हा गेली. भेटीत आम्ही ते वाक्य समोर ठेवलं आणि पाहिलं: यावर उद्या पियानोपाशी बसून काही करता येईल का? येत होतं. पायाची वेळ बदलली, फरक ऐकू आला. ‘तुम्हाला संगीताची समजच नाही’ या छापाच्या शेऱ्यावर असं काहीच करता येत नाही, म्हणून त्याला उत्तर देण्यात वेळ घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

थरथर थांबवणाऱ्या गोळ्यांबद्दल त्यांनी विचारलं होतं. काही वादक अशी औषधं घेतात, पण ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. दमा असणाऱ्यांना तर ती धोक्याची ठरू शकतात.

आणि ऐकवलंच पाहिजे असं कुठे आहे? थोर संगीतकार आणि पियानोवादक शोपँने सबंध आयुष्यात जाहीर मैफली मोजक्याच केल्या. त्याचा जीव ओळखीच्या माणसांच्या छोट्या बैठकीत रमायचा. कुणाला स्वतःपुरतं वाजवण्यातच सुख असेल, तर त्यात सुधारण्यासारखं काही नाही. मी विचारते ते इतकंच: भीती नसती तर ऐकवावंसं वाटलं असतं का? या बाईंचं उत्तर क्षणाचाही विलंब न लावता ‘हो’ होतं. वयाची अडचण त्यांनी पुढे केली तेव्हा त्यांना सांगितलं, की अमेरिकेत फोर्ट वर्थला 1999 पासून हौशी पियानोवादकांची स्पर्धा होते आणि तिथे वय किमान 35 असावं लागतं.

बोटं त्यांची अजूनही गार पडतात. आता शिक्षिकेकडच्या छोट्या कार्यक्रमात, समोर बसलेल्या माणसांपुढे, संगीतकार बाखची ‘सी मेजर प्रेल्यूड’ ही रचना वाजवायचं ठरलंय. तिथे पुसून टाकायची सोय नसेल. म्हणून सध्या त्या सरावाआधी जिना भराभर चढून-उतरून येतात आणि धाप लागलेली असतानाच पियानोपाशी बसतात. धडधडत्या छातीनेही पहिल्या काही ओळी पार करता येतात, हे हातांना आधीच ठाऊक असावं म्हणून.