हळदीची रात्र आणि शेजारचं लॉन्स

पत्र निफाड तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं आहे. थोडं कापून देते.

"ताई, आम्ही मळ्यात राहतो. चुलत दिरांनी तीन वर्षांपूर्वी द्राक्षबाग तोडून तिथे लॉन्स काढलं. आमच्या ओट्यापासून त्यांचं स्टेज साठ-सत्तर पावलांवर. दिवसाचं लग्न एकवेळ चालतं, पण आदल्या रात्रीच्या हळदीला डीजे साडेबारा-एकपर्यंत वाजतो. मांडणीवरची भांडी थरथरतात. सासऱ्यांचं वय ७८, बायपास झालेली. मुलगा यंदा बारावीला गेला. छाटणी झाली की ह्यांना पहाटे फवारणीला उठावं लागतं. दिरांना फोन केला तर म्हणाले, 'वहिनी, सीझनपुरतं सांभाळून घ्या.' मे महिन्यात एका रात्री मला राहवलं नाही. बांधावर जाऊन डीजेच्या पोरांना नको नको ते बोलले. तेव्हापासून जाऊबाई बोलत नाहीत. गावात म्हणतात, यांना भावकीचं चांगलं बघवत नाही. हे म्हणतात, वैर नको, गप्प बस. पोलिसांत जाऊ का? की मीच जास्त मनावर घेते आहे?"

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. नाही, तुम्ही जास्त मनावर घेत नाही आहात. भांडी थरथरतात हे तुम्ही लिहिलंत ना, तो बेसचा परिणाम. गाण्याचे वरचे सूर भिंतीने, बंद खिडकीने बऱ्यापैकी अडतात. बेस अडत नाही. तो भिंतीतून येतो, छातीत बसतो, आणि कानात कापूस घातला तरी जाणवत राहतो. मोजणीच्या आकड्यातही तो पुरता उतरत नाही, कारण नियमातलं परिमाण खालच्या सुरांना कमी धरतं. म्हणून कुणी मोबाइल पुढे करून "बघा, एवढा काही नाही" म्हणालं, तर स्वतःवर शंका घेऊ नका.

आता नियम काय सांगतात ते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. समोरासमोर बसून दोन माणसं बोलतात तो आवाज साधारण ६० असतो, म्हणजे रात्रीची मर्यादा साध्या बोलण्याच्याही खाली आहे. खासगी जागेतल्या साउंडचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. तुमच्या बाबतीत हद्द म्हणजे तो बांध. शिवाय लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. रात्री १० नंतर तो फक्त बंद सभागृहासारख्या जागेत, आतल्या आत चालतो. लॉन्स उघड्या आभाळाखाली आहे, त्याला ती सवलत नाही. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस सणा-उत्सवांसाठी जाहीर होतात, कुणाच्या घरच्या हळदीसाठी नाही.

तेव्हा कायदा पूर्णपणे तुमच्या बाजूला आहे. तरीही उद्या सकाळी पोलीस ठाण्यात जा असं मी सांगणार नाही. कारण तुमच्या पत्रातून मला एक गोष्ट दिसली: इतक्या दिवसांत तुमच्या दिरांना कुणी नेमकं काय हवंय ते सांगितलेलंच नाही. तुम्ही फोन केलात तो कार्यक्रम चालू असताना. त्या घटकेला त्यांच्यासमोर नवरदेवाकडची दोनशे माणसं, त्यातले काही प्यायलेले. ते "सांभाळून घ्या"शिवाय दुसरं काय म्हणणार होते? नंतर तुम्ही बोललात ते डीजेच्या पोरांना, ज्यांना आवाज वाढवायचेच पैसे मिळालेले असतात.

माझ्या घरामागे पूर्वी एक फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. मी दोन वर्षं ग्राइंडर ऐकला, दात-ओठ खाल्ले, आणि एका दुपारी सगळं एकदम बाहेर काढलं. तो माणूस हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिला. पलीकडे माझी झोपायची खोली आहे हे त्याला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने कटिंगचं काम रस्त्याच्या बाजूला नेलं, पण मी वापरलेले शब्द मात्र तो विसरला नाही. पुढे कित्येक वर्षं आम्ही एकमेकांना टाळत राहिलो. अजून मला त्याचं वाईट वाटतं.

म्हणून वेळ नीट निवडा. आषाढी एकादशी झाली की चातुर्मास लागतो, मुहूर्त बंद होतात ते तुळशीच्या लग्नापर्यंत. लॉन्सवाल्याला श्वास घ्यायला मिळतो तो याच महिन्यांत. आणि पुढच्या सीझनचं बुकिंगही याच महिन्यांत होतं. कार्तिकात जाऊन बोललात तर तारखा दिलेल्या असतील, शब्द गेलेले असतील. श्रावणात गेलात तर अजून सगळं हातात आहे.

एकट्या जाऊ नका. ह्यांना सांगा, भांडायला नाही, फक्त शेजारी बसायला या. गप्प राहिलं की वैर टळतं असं त्यांना वाटतंय. ते टळलेलं नाही, जाऊबाईंनी बोलणं सोडलंय ते तुमच्या एकटीशी. म्हणजे ह्यांच्या गप्प बसण्याची किंमत तुम्ही मोजताय. हे त्यांना याच शब्दांत सांगा, पण रागाने नको.

आणि सासऱ्यांना कुणी विचारलंय का? पत्रात त्यांचं वय आहे, बायपास आहे, पण त्यांचं म्हणणं कुठेच नाही. दिरांच्या वडिलांबरोबर त्यांनी एकाच बांधावर उभी हयात काढलेली असणार. "पोरा, मला रात्री झोप लागत नाही" हे त्यांनी एकदा पुतण्याला समोर बसवून सांगितलं, तर तुमच्या दहा फोनपेक्षा ते जास्त पोचेल. त्यांची इच्छा असेल तरच हं. त्यांना पुढे करून आपण मागे राहायचं असं नको.

जाताना आधी मे महिन्यातल्या शब्दांबद्दल माफी मागा, जाऊबाईंसमोर. तक्रारीबद्दल मुळीच मागू नका, ती खरी आहे. मग सरळ सांगा, "भाऊजी, लॉन्स बंद करा म्हणायला आलो नाही. बाग मोडायची वेळ आली तेव्हा तुमच्यावर काय गुजरलं असेल ते आम्हाला समजतं." हे मनापासून म्हणता येईल ना? द्राक्षवाल्याच्या घरात राहून तुम्ही अवकाळी आणि कर्ज दोन्ही पाहिली असतील. उभी बाग तोडणारा माणूस हौसेने तोडत नाही.

त्यानंतर नेमकं मागा. साउंड रात्री १० ला बंद, आणि ही अट बुकिंगच्या कागदावरच. १० ला बंद झालं नाही तर अनामत परत मिळणार नाही, असं एक वाक्य त्यात आलं की डीजेला आवरायचं काम नवरीचा मामाच करतो. आपल्या माणसांपुढे वाईट व्हायला दिरांना नको असेल, तर त्यांना म्हणा, "खुशाल आमचं नाव सांगा. शेजारी हृदयाचे पेशंट आहेत, ते ऐकणार नाहीत, असं सांगा." गिऱ्हाइकाला नाही म्हणायला त्यांना कारण हवंय, ते तुम्ही द्या. हळद संध्याकाळी ६ ला सुरू झाली तर १० पर्यंत चार तास नाचता येतं.

दुसरं, बेसचे डबे कमी करायला सांगा. नुसतं "आवाज कमी ठेवा" म्हणू नका, त्याला काही माप नाही. डब्यांची संख्या ठरवता येते, मोजता येते. स्टेजचं तोंड तुमच्या घराकडे असेल तर ते फिरवता येईल का ते जागेवर उभं राहून दोघांनी बघा. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, त्यामुळे स्टेज पलीकडच्या टोकाला गेलं तर फरक पडेल. मात्र तोंड फिरवण्याने वरचे सूर कमी होतात, बेस फारसा नाही, म्हणून डब्यांची गोष्ट सोडू नका. बांधावर सुबाभूळ किंवा बांबू लावा असं कुणीतरी सुचवेलच. सावलीसाठी लावा, आवाज त्याने अडत नाही.

तिसरं मागणं सोपं आहे आणि मला वाटतं सगळ्यात लवकर मान्य होईल: तारखांची यादी आधी द्या. माहीत असलेला आवाज आणि अचानक आलेला आवाज यांत फार फरक असतो. यादी हातात असली की सासरे त्या रात्री लेकीकडे जाऊ शकतात, फवारणी एक दिवस इकडेतिकडे करता येते. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, तेवढे आठवडे रात्रीची हळद घेऊ नका असंही मागा. घरातला मुलगा आहे, पुतण्या लागतो त्यांचा.

एक मोह टाळा. गावातला कुणीतरी येऊन सांगेल, "त्यांची जमीन बिनशेती झालीय का बघा, तहसीलला एक अर्ज टाका, लॉन्सच बंद पडेल." तो माणूस तुमचा हितचिंतक असेलच असं नाही. तुम्हाला आवाज कमी हवाय. पोटावर घाव घातलात तर माणूस जिवावर उदार होऊन लढतो, आणि ते भांडण तुमच्या मुलाच्या पिढीला पुरेल.

हे सगळं करूनही कार्तिकात पहिल्याच हळदीला साडेबारा वाजले तर? मग मागे हटू नका. तुम्ही सांगून, समजावून, वेळ देऊन झालेलं असेल. तेव्हापासून एक वही ठेवा: तारीख, डीजे कधी सुरू झाला, कधी थांबला, घरात काय झालं. आपल्याच खिडकीतून घड्याळ दिसेल असा छोटा व्हिडिओ घ्या. मोबाइल ॲपचे आकडे पुरावा म्हणून कच्चे असतात, तरी लिहून ठेवा. रात्री १० नंतर वाजत असेल तर ११२ ला फोन करा, आणि दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भोंग्यांच्या याचिकेवर सांगितलं आहे की, तक्रारदाराची ओळख न विचारता पोलिसांनी कारवाई करावी आणि नाव समजलं तरी ते उघड करू नये. पण खरं सांगायचं तर तुमच्याकडे त्याचा उपयोग कमी आहे. मळ्यात दोनच घरं, तक्रार कुणाची हे सगळ्यांना कळणार. म्हणूनच श्रावणातल्या बैठकीत हेही सांगून ठेवा, "१० नंतर वाजलं तर आम्ही फोन करणार आहोत, मागून समजायला नको." सांगून केलेली तक्रार भावकीत पचते, पाठीमागून केलेली पचत नाही. पोलिसांनी दाद दिली नाही तर वही घेऊन प्रांताधिकाऱ्यांकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली सार्वजनिक उपद्रव थांबवायचा आदेश तिथून होऊ शकतो. आसपासच्या वस्तीवरच्या एकदोन घरांच्या सह्या असतील तर अर्जाला वजन येतं.

मधल्या काळात सासऱ्यांची खाट बांधाच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत हलवा, मुलाचं टेबलही. हे आम्हीच का करायचं, असं मनात येईल, आणि ते बरोबरच आहे. तरी करा, तुळशीच्या लग्नाला अजून वेळ आहे आणि झोप आजची आहे. सासऱ्यांची धडधड वाढते का, हे पुढच्या तपासणीला डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यांनी कागदावर काही लिहून दिलं तर तो कागद वहीत ठेवा.

नागपंचमीला जाऊबाईंकडे दिंडं घेऊन जाता येतील. आवाजाचा विषय त्या दिवशी काढू नका. बैठक चार दिवसांनी ठेवा, आणि काय ठरलं ते मला कळवा.